लहान जखम

आपल्या भाषेने छातीवर जेवढा भार टाकला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवावर टाकला असेल. धीट माणूस छाती काढून चालतो, भित्र्याची छाती होत नाही, ज्याला आपल्या बोलण्याची खात्री आहे तो छातीठोकपणे सांगतो, आणि ज्याच्याविषयी आपल्याला खात्री नाही त्याला आपण छातीवर हात ठेवून बोलायला लावतो. सुखाने ऊर भरून येतो नि दुःखाने तोच फुटतो. हे वाक्प्रचार ज्यांनी घडवले त्यांना बरगड्यांच्या आत काय चालते याची फारशी माहिती नसावी. पण तिथे जे काही आहे ते झाकलेलेच राहिले पाहिजे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. छाती फाडून दाखवणारा आपल्या ओळखीचा एकच, तो म्हणजे हनुमंत; आणि तो तर चिरंजीव!

माणसाची छाती उघडून आतली दुरुस्ती करण्याची विद्या विसाव्या शतकात आली, आणि त्याच शतकाच्या अखेरीस ती दुरुस्ती छाती न उघडता करण्याची युक्तीही निघाली. या दुसऱ्या युक्तीने एक प्रश्न आपल्या घरात आणून ठेवला आहे. फराळाच्या ताटाशेजारी वाचण्याचा हा विषय आहे काय, असे कोणी विचारील. मला वाटते, आहे. घरातली सगळी माणसे एका छपराखाली जमतात ते दिवस हेच, आणि हा प्रश्न घरातल्या एकट्यादुकट्याने सोडवण्यासारखा नाही.

मी वैद्य नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो, एवढाच माझा व्यवसाय. तेव्हा शरीराची माहिती मी वर्गात सांगावी तशीच सांगणार. जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीला महारोहिणी म्हणतात. नव्या पुस्तकांत तिला महाधमनी असेही नाव आहे. ती आधी वर चढते, मग छत्रीच्या मुठीसारखी मागे वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली पोटाकडे जाते. त्या वळणावर तिला तीन फाटे फुटतात. पहिला उजव्या हाताला आणि डोक्याच्या उजव्या बाजूला रक्त पुरवतो, दुसरा मानेच्या डाव्या बाजूने वर जातो, आणि तिसरा गळ्याखालच्या आडव्या हाडामागून डाव्या हाताकडे वळतो. कण्यालगतच्या भागात ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर संकटे येतात ती मुख्यतः दोन प्रकारची. एक अकस्मात येते. भरधाव मोटार कशावर तरी आदळली की शरीर थांबते, पण आतली इंद्रिये पुढे झेपावतात. महारोहिणीचे वळण काहीसे मोकळे आणि कण्याजवळचा भाग जखडलेला. शिवाय तिसऱ्या फाट्याच्या जरा पुढे, आपण आईच्या पोटात असताना उपयोगी पडलेल्या एका वाहिनीचा सुकलेला दोर तिला बांधून ठेवतो. चीर बहुधा तिथेच पडते. पुरती पडली तर माणूस रस्त्यावरच जातो, आणि बहुतेक जातातच. ज्यांच्या नळीचे बाहेरचे अस्तर शाबूत राहते ते तेवढे दवाखान्यापर्यंत पोचतात. दुसरे संकट सावकाशीचे. वय, रक्तदाब, तंबाखू यांनी भिंत सैल पडते आणि नळीला फुगवटा येतो. तो साडेपाच-सहा सेंटिमीटरपर्यंत गेला की डॉक्टर दुरुस्तीची गोष्ट काढतात, कारण पुढे तो फुटण्याचा धोका फार वाढतो.

पूर्वी अशी दुरुस्ती करायची म्हणजे डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची, महारोहिणीला चिमटे लावून रक्ताचा प्रवाह अडवायचा, बिघडलेला तुकडा कापून काढायचा आणि तिथे कापडाची नळी शिवायची. ही कापडाची नळी सर्वत्र रूढ करणाऱ्यांत अमेरिकेतील ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी हे प्रमुख. त्यांची गोष्ट आमच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना फार आवडली. १९५०नंतरच्या त्या वर्षांत डिबेकी कापडाच्या दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉन नावाचे नवे कापड घेऊन आले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर त्यांनी स्वतःच नळ्या शिवल्या. शिवण ते लहानपणी आईकडून शिकले होते. या डिबेकींकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे, कारण त्यांच्या कापडाने जसे पुष्कळांना वाचवले तसे शेवटी त्यांना स्वतःलाही गाठले.

आता नवी रीत. जांघेतल्या रोहिणीला एक छिद्र पाडतात. त्यातून एक बारीक तार वर सारतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत ती छातीपर्यंत नेतात. तारेवरून पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी चढते. तिच्या पोटात घडी घालून बसवलेली असते धातूची जाळी आणि तिच्यावर कापडाचे अस्तर. ही जाळी बहुधा निकेल आणि टायटॅनियम यांच्या एका मिश्रधातूची असते. त्याचा गुण असा, की तो आपला मूळ आकार विसरत नाही. वेष्टन मागे ओढले की शरीराच्या उबेत जाळी उमलते आणि भिंतीला आतून घट्ट बसते. रक्त नव्या कापडी नळीतून वाहू लागते, फाटलेल्या भिंतीवरचा ताण उतरतो. या जाळीला सारे जग 'स्टेंट' म्हणते. दातांचे ठसे घेण्याचे एक मिश्रण बनवणाऱ्या चार्ल्स स्टेंट नावाच्या लंडनच्या दंतवैद्यावरून हे नाव पडले असे मानतात. बिचारा १८८५ साली वारला. आपले नाव लोकांच्या छातीत जाऊन बसणार आहे याची त्याला कल्पनाही नव्हती.

या विद्येचा उगम ज्या घटनेत आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलँड शहरात चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने एका ८२ वर्षांच्या बाईच्या पायाची बंद पडलेली रोहिणी आतून नळ्या सरकवून मोकळी केली. बाईचा पाय कुजू लागला होता. शल्यवैद्यांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता आणि म्हातारीने साफ नकार दिला होता. तिने होकार दिला असता तर डॉटरकडे तिला कोणी पाठवलेच नसते. ती पुढे सुमारे अडीच वर्षांनी वारली, तेव्हा आपल्या दोन्ही पायांवर चालत होती. शल्यवैद्यांचा डॉटरवर इतका अविश्वास, की एकदा एकाने रुग्णाबरोबर चिठ्ठी पाठवली: फोटो तेवढा काढा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका! पण कल्पना थांबली नाही. १९८७ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आणि आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह शहरात निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महारोहिणीला जुन्या इजेमुळे आलेला फुगवटा असाच आतून झाकला. त्यांचे लेखन रशियन भाषेत, त्यामुळे पश्चिमेकडे ते कित्येक वर्षे कोणाच्या गावी नव्हते. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला याचे फार नवल वाटत नाही. पुढे १९९२मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे मायकेल डेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम सुरू केले, १९९४ साली पहिल्या १३ रुग्णांची हकीकत छापली, आणि मग ही रीत जगभर गेली. आज ती आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होते.

म्हणजे एका वृद्धेच्या 'नको'मधून ही विद्या जन्मली. आणि आज तीच विद्या वृद्धांच्या तोंडचा 'नको' काढून घेते आहे की काय, असा मला संशय येतो. माझा प्रश्न तो हाच.

अपघातात सापडलेल्या पंचविशीतल्या पोराविषयी कसलाच प्रश्न नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याचे हाडबीड मोडलेले, फुप्फुसाला मार बसलेला, अशा वेळी छाती न उघडता महारोहिणी सावरता येते ही देवदयाच म्हणायची. तिथे वाद घालत बसणारा माणूस शहाणा नव्हे. प्रश्न उभा राहतो तो आमच्या मामांसारख्यांचा.

मामांचे तालुक्याच्या गावी सायकलींचे दुकान आहे. चाळीस-पन्नास वर्षे त्यांनी पंक्चर काढली, चाके सरळ केली. तीन वर्षांपूर्वी, त्यांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला. खोकला राहिला बाजूला आणि महारोहिणीचा फुगवटा दिसला. दुखणे नाही, खुपणे नाही. पुण्याला असलेल्या मामेभावाने त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेले, बरोबर मी आणि माझी आई. डॉक्टर तरुण आणि मनाने मोकळे होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले.

"काका, चिरफाड नाही. जांघेत एवढंसं भोक, आणि आतून ही जाळी बसवायची."

मामांनी चित्र उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे टायर आतून फाटला की आम्ही जुन्या टायरचा तुकडा आत सारतो, तसंच की हे."

"अगदी तसंच."

"आमचा तुकडा कधी कधी सरकतो हो."

डॉक्टर हसले, पण हसण्यावारी त्यांनी नेले नाही, हे मला आवडले. जाळी क्वचित सरकते, तिच्या कडेने रक्त झिरपत राहू शकते, म्हणून पुढे जन्मभर ठरावीक काळाने तपासणी करावी लागते, असे त्यांनी सांगितले. कण्याला रक्त देणारे बारीक फाटे जाळीखाली झाकले जातात, त्यामुळे शंभरांतल्या थोड्या जणांच्या पायांतली शक्ती जाते, तर थोड्यांना पक्षाघाताचा झटका येतो, हेही सांगितले. आणि काही केले नाही तर? तर फुगवटा एखाद्या दिवशी फुटेल. कदाचित त्याआधी दुसरेच काही दुखणे उद्भवेल. नक्की कोणी सांगू शकणार नाही. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "नको."

बाहेर आल्यावर आई रडकुंडीला आली. "दादा, अरे एवढंसं भोक पाडायचं, आणि तू नको म्हणतोस? उद्या काही झालं तर लोक म्हणतील, पोरानं पैसे वाचवले."

मामा म्हणाले, "मोठं ऑपरेशन असतं तर कुणी काही म्हटलं नसतं, नाही का गं?"

मामांच्या या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांचे म्हणणे खरे होते. छाती उघडायची म्हटली की अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या नकाराला घरात, गावात, नातेवाइकांत मान होता. 'वय झालं, आता कशाला सुरी लावायची' हे वाक्य आपल्याकडे शेकडो ओसऱ्यांवर उच्चारले गेले असेल, आणि ते ऐकून लोक मान डोलावीत. त्या वाक्यात सुरीचे भय किती आणि आयुष्य पुरे झाल्याची भावना किती, हे वेगळे काढून पाहण्याची पाळी कोणावर आली नव्हती. सुरी एवढी मोठी होती, की तिच्या आड माणसाला आपले खरे कारण झाकून ठेवता येई. आणि घरच्यांनाही ते विचारावे लागत नसे. आता सुरी गेली. एका छिद्राला नाही म्हणणारा माणूस एकतर हट्टी, नाहीतर त्याचा मुलगा कंजूष!

जखम जितकी लहान, तितके तिला नाकारायला सबळ कारण लागते, असा हिशेब आपण नकळत करतो. मला तो हिशेब चुकीचा वाटतो. जखमेचा आकार हा इलाजाच्या किमतीचा एक भाग झाला. सारी किंमत नव्हे. ही रीत किंमत कमी करते हे निःसंशय, पण ती काही किंमत पुढच्या वर्षांवर ढकलते, काही पायांवर ढकलते. दुकानाच्या माळ्यावर एकट्याने राहणाऱ्या, रोज बारा पायऱ्या चढणाऱ्या माणसाला पायांविषयी जे वाटते ते पुण्यातल्या लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्याला वाटणार नाही. शंभरांतले थोडे हा आकडा दोघांना सारखाच; त्याचे वजन सारखे नाही.

याला आधार म्हणून एक पाहणी सांगतो. ती छातीतल्या नव्हे, पोटातल्या महारोहिणीची आहे, पण मुद्दा तोच. साठी गाठलेले किंवा ओलांडलेले, फुगवटा मोठा, आणि मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही असे ३३८ रुग्ण ब्रिटनमध्ये निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले: एका गटाला जांघेतून जाळी, दुसऱ्याला नुसती देखरेख. २००५ साली निष्कर्ष छापला, तेव्हा चार वर्षांच्या हिशेबात दोन्ही गटांतल्या वाचलेल्यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. आणखी वर्षे मागोवा घेतला तेव्हा असे दिसले, की जाळीमुळे फुगवटा फुटून मरणारे कमी झाले, पण एकूण मरणारे कमी झाले नाहीत. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आपापल्या वेळी थकतच होती. यावरून जाळी निरुपयोगी असा अर्थ कोणी काढू नये. धडधाकट माणसाचा हिशेब वेगळा येतो, आणि छातीतला फुगवटा हे वेगळे प्रकरण आहे. पण सुरी न झेपणाऱ्याला छिद्र झेपते, तेव्हा छिद्र पाडलेच पाहिजे, हा जो सरळ मार्ग आपल्याला दिसतो तो तितका सरळ नाही.

आपल्या जुन्या वैद्यांनी यासाठी एक सुंदर शब्द करून ठेवला आहे. साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये त्यांनी 'याप्य' नावाचा रोग मानला. तो बरा होत नाही, पण उपचार चालू आहेत तोवर माणसाला तारून नेतो. सुश्रुतसंहितेत याला उपमा दिली आहे ती पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची. ही जाळी म्हणजे अक्षरशः टेकूच की! खेड्यात वाढलेल्या माणसाला टेकूचे मर्म सांगावे लागत नाही. टेकू लावलेले घर वीस वर्षे उभे राहिलेले मी पाहिले आहे. पण टेकू लावण्याआधी घरात कोण राहणार, किती दिवस राहणार, याचा विचार घरधनी करतो. सुतार करत नाही. सुताराने तो करावा अशी अपेक्षाही चुकीची. त्याला लाकूड दिसते. डॉक्टरांना दोष देणे मला म्हणूनच पटत नाही. फुगवटा दिसला आणि तो दुरुस्त करता येतो, तर ते तसे सांगणारच. घरधन्याला विचारायचे काम आपले.

आता डिबेकींकडे वळू. पण त्याआधी आइन्स्टाइन. त्यांच्या पोटातल्या महारोहिणीला फुगवटा होता. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये रूडोल्फ निसेन यांनी तो सेलोफेनच्या कागदात गुंडाळला, कारण त्या काळी त्याहून चांगला उपाय हाती नव्हता. एप्रिल १९५५मध्ये फुगवटा गळू लागला. तोवर नळी बदलण्याची शस्त्रक्रिया निघाली होती आणि तसे सुचवलेही गेले, पण आइन्स्टाइन यांनी नकार दिला. कृत्रिम रीतीने आयुष्य लांबवण्यात त्यांना रस नव्हता. आपला वाटा आपण उचलला, आता जायची वेळ झाली, असे त्यांचे म्हणणे. रुग्णालयात त्यांनी चष्मा आणि अपुरी गणिते मागवून घेतली. १८ एप्रिलला ते गेले, वय ७६. त्यांचा नकार लोकांनी ऐकला.

डिबेकी यांच्या बाबतीत तो ऐकला गेला नाही. ३१ डिसेंबर २००५ रोजी ते घरी एकटे भाषणाची तयारी करत बसले होते, वय ९७. छातीतून मानेकडे भयंकर कळ गेली. महारोहिणीचे अस्तर चिरले आहे हे त्यांनी जागच्या जागी ओळखले. त्या रोगाचे वर्गीकरण आणि शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते! त्यांनी ताबडतोब कोणाला रुग्णालयात न्यायला सांगितले नाही. पुढे दाखल झाले, पण शस्त्रक्रिया नको म्हणाले, आणि तशी नोंदही झाली. दिवस गेले, प्रकृती ढासळली, शुद्ध हरपली. चीर हृदयाला लागूनच्या भागात होती. तिथे जांघेतून जाण्याची रीत नेहमीची नव्हे. छातीच उघडायला हवी होती. भूल देणाऱ्या काही डॉक्टरांनी नकार दिला. रात्री रुग्णालयाची नीतिसमिती बसली, पत्नीने तिथे जाऊन आता आणखी वेळ घालवू नका असे ठणकावले, आणि फेब्रुवारी २००६मध्ये जॉर्ज नून या त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याने सुमारे सात तास शस्त्रक्रिया केली. त्यानंतर कित्येक महिने रुग्णालयात. पण डिबेकी उठले, हिंडूफिरू लागले, कामावर गेले. आपल्यावर शस्त्रक्रिया झाली याचा आनंद वाटतो असे त्यांनी सांगितले. ११ जुलै २००८ रोजी, शंभरी पुरी व्हायला दोन महिने असताना, ते वारले.

ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली ते म्हणाले, बघा, बायकोचे बरोबर होते. मला तसे म्हणवत नाही. त्या माउलीच्या जागी मी असतो तर काय केले असते कोण जाणे. तिला नावे ठेवणे माझ्या मनातही नाही. पण माणूस नंतर खूश झाला, म्हणून आधी त्याचा शब्द मोडला ते योग्य ठरले, हा न्याय मी मान्य केला तर कोणत्याही जबरदस्तीला तो लावता येईल. फक्त शेवट गोड झाला म्हणजे झाले. जे शुद्धीवर आलेच नाहीत, किंवा महिनोन्महिने यंत्राला टांगून राहिले, त्यांची खुशी-नाखुशी विचारायला कोण जाणार? त्यांच्या गोष्टी वर्तमानपत्रात येत नाहीत. आणि तरीही डिबेकींची ती दोन वर्षे पुसून टाकावीत असेही वाटत नाही. दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवतो. त्यांचे भांडण मला मिटवता आलेले नाही.

आपल्या मातीत नकाराला जागा आहे. १९८२च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी आणि औषध थांबवले आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. पंतप्रधानांपासून सामान्यांपर्यंत सर्वांनी त्यांची मनधरणी केली. शेवटी सर्वांनी मान तुकवली. परंतु विनोबांचा नकार ऐकला जातो याचे नवल नाही. प्रश्न सायकलवाल्याच्या नकाराचा आहे. कायद्याने त्याची थोडी सोय केली आहे: शुद्धीवर असलेल्या जाणत्या माणसाला उपचार नाकारता येतात, आणि बोलता येईनासे झाल्यावर काय करावे हे आधी लिहून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केली, २०२३ साली तिची कटकटही कमी केली. पण आमच्या घरांत मृत्युपत्रसुद्धा अशुभ मानून कोणी लिहीत नाही, तिथे हा कागद कोण करणार?

कागदापेक्षा मला भीती वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. लहान जखमेच्या या काळात म्हातारी माणसे 'हो' म्हणायला शिकतील. स्वतःसाठी नव्हे, मुलाला कोणी कंजूष म्हणू नये म्हणून, बहिणीने डोळ्यांत पाणी आणले म्हणून. तो होकार सहीनिशी कागदावर येईल, आणि त्यात खोट काढायला जागाही नसेल. मामांचा नकार मला बरोबर वाटतो की चूक, हे मामेभावाने मला एकदा विचारले. मी त्याला सांगितले, की ते बरोबर आहेत की नाहीत याची मला खात्री नाही, पण तो नकार त्यांचा स्वतःचा आहे याची आहे. मोठी शस्त्रक्रिया सुचवली असती तर याची खात्री झाली नसती. ते सुरीला भ्यायले असेच मी म्हटले असते.

नकार दिला म्हणून मामा हातावर हात ठेवून बसले नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या ते घड्याळ लावून घेतात. तंबाखूची डबी त्यांनी बहिणीच्या हवाली केली. अवजड सायकल आता शेजारचा पोरगा उचलतो. वर्षभराने त्यांनी स्वतःच डॉक्टरांकडे जायचे काढले. फुगवटा तीन मिलिमीटरने वाढला होता. मामांनी पहिल्या वेळचे सगळे प्रश्न पुन्हा विचारले, पायांचा दोनदा विचारला, आणि उत्तरे उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. डॉक्टरही घाई न करता सांगत होते. बाहेर आल्यावर मुलाने विचारले, "मग बाबा, काय ठरवलं?"

"नकोच. पुढच्या वर्षी परत विचार," मामा म्हणाले. "आणि आता साडेपाचची गाडी मिळते का बघ. सकाळी दुकान उघडायचंय."